एन्राइच्या आत कोण?

मोतेगीसान काहीतरी लपवतायत हे मला एप्रिलमध्येच कळलं होतं. काय लपवतायत ते कळायला नोव्हेंबर उजाडला. लोक मला संशयी म्हणतात. म्हणू देत. माझा नवरा तर म्हणायचा, "फुमिए, तू देवळातल्या देवालासुद्धा विचारशील, काल होतास कुठे म्हणून." आता नवरा नाही, संशय तेवढा राहिलाय.

मी किर्यू स्टेशनसमोरच्या डिपार्टमेंट स्टोअरच्या गच्चीवर 'ताई' आहे. दर रविवारी तिथे एन्राइचा, म्हणजे टीव्हीवरच्या मुखवटेवाल्या वीराचा, खेळ होतो. लाल जाकीट घालून, हातात माइक धरून पोरांना बोंबलायला लावते ती बाई म्हणजे मी. पन्नाशी उलटली, जिना चढताना गुडघे कुरकुरतात, पण माइक हातात आला की मी जगाची ताई. "एवढासाच आवाज? अरे, हा तर मुंगीनेही ऐकला नाही! चला, पुन्हा एकदा, एन्राइ…!" असं मी म्हणायचं, पोरांनी "गानबारे!", म्हणजे हिंमत धर, म्हणून ओरडायचं, आणि आडवा पडलेला एन्राइ उठून राक्षसाला लोळवणार. इतकी वर्षं झाली, एकाही रविवारी राक्षस जिंकलेला नाही.

टीव्हीवरचा एन्राइ माझ्याही आधीचा. दरवर्षी नवा पोशाख, नवी गोष्ट, आईबापांच्या खिशाला नव्या खेळण्यातल्या पट्ट्याचा भुर्दंड. नाव मात्र तेच. माझ्या लहानपणी गल्लीतली पोरं गळ्यात पंचा बांधून भिंतीवरून उड्या मारायची. माझ्या थोरल्या भावाचा पुढचा अर्धा दात एन्राइनेच खाल्लाय. तेव्हा या गच्चीवर पाय ठेवायला जागा नसे, पोरं पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर चढून बसत. मग टीव्हीवाल्यांनी एक गोरागोमटा पोरगा आणला, आणि पोरांच्या आधी त्यांच्या आयाच खुर्च्या धरायला लागल्या. पोरगं म्हणायचं, "आई, घरी जाऊ," आणि आई म्हणायची, "थांब रे, मेल्या."

आता आयाही पांगल्या. पोरं तर गावातच उरली नाहीत. निम्म्या खुर्च्यांवर असतात ते आमच्या धंद्यातले 'मोठे मित्र'. चांगले चाळिशीतले बाप्ये, एकटेदुकटे, गळ्यात हातभर लांब भिंगाचे कॅमेरे. माइकवरून "छोट्या मित्रांनो, आणि मागच्या मोठ्या मित्रांनो" असं गोड आवाजात म्हणायचं असतं. मी म्हणते. पण डोळा ठेवून असते. बायको नाही, पोर नाही, आणि रविवारी सकाळी लहान मुलांच्या खेळाला येऊन बसायचं, माणसाने काय समजायचं यावरून? त्यातला एक लांब भिंगवाला तर तीन वर्षांत एकाही रविवारी चुकला नव्हता, आणि तीन वर्षांत माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता. असली माणसं मला धड वाटत नाहीत.

आणि मोतेगीसान म्हणजे मोतेगी इवाओ, आमच्या एन्राइच्या आतला माणूस. अंगाने बुटका, मानेने जाड, बोलण्यात कंजूष. वडील रंगाऱ्याच्या कारखान्यात, त्यांचे हात कायम निळे. मुलगाही तिथेच लागायचा, पण शाळेत कोलांट्या मारताना असल्या खेळवाल्यांच्या नजरेत आला आणि त्या मंडळींबरोबर निघून गेला. पहिली काही वर्षं राक्षसाच्या पोटात काढली, मग एन्राइचा पोशाख मिळाला, तो तीस वर्षं उतरला नाही. एन्राइचा आवाज टेपवरून येतो. आतल्याने तोंड उघडायचं नसतं. मोतेगीसानना ते झेपलं, कारण बाहेरही ते उघडत नसत. बायको लवकर वारली. लेक चिनात्सु याच गच्चीवर, खेळाच्या सामानाच्या खोलीत, राक्षसाच्या मुंडक्याला टेकून गृहपाठ करत मोठी झाली. आता ती याच दुकानात तळमजल्यावर, स्वागताच्या टेबलाशी उभी राहायची, टोपी-हातमोजे घालून.

एन्राइ वाकत नाही, हे मोतेगीसाननी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आमच्याकडची माणसं टेलिफोनवर बोलतानाही वाकून नमस्कार घालतात, त्यामुळे हे सोपं नाही. सुरुवातीला कुणी आजीबाई वाकली की मोतेगीसानही आतून वाकायचे. त्यांच्या उस्तादाने वैतागून मानेमागे लाकडी पट्टी बांधली होती. "ताई," ते मला म्हणाले होते, "एन्राइ छातीवर मूठ ठेवतो. वाकला तर मग तो आपल्यातलाच झाला, पोरांनी बघायचं कुणाकडे?" त्यानंतर या नोव्हेंबरपर्यंत एवढं लांब बोलणं मी त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकलं नाही.

तर एप्रिल. मोतेगीसान सामानाच्या खोलीला आतून कडी लावायला लागले. पूर्वी दार सताड उघडं असायचं. खेळ संपला की आम्ही दोघं कोपऱ्यावर जाऊन याकीमांजू खायचो, त्या भाजक्या पावावरची गोड मिसोची चटणी ओठांना लागायची आणि त्यावरून आमची दर रविवारी थट्टा व्हायची. आता "ताई, तुम्ही व्हा पुढे." मी कसली पुढे होतेय! एकदा दाराशी थांबले. ते बाहेर आले, केस चिंब भिजलेले, आणि सदरा? कोरडा ठणठणीत. पोशाखात अर्धा तास घालवलेला माणूस पिळून काढावा लागतो. हा नळाखाली डोकं धरून आला होता.

कुठेतरी पाणी मुरत होतं. पहिल्यांदा वाटलं, पितात. मी जवळ जाऊन वास घेतला.

"काय झालं?" मोतेगीसान म्हणाले.

"काही नाही, औषधाचा वास येतोय का बघत होते," मी म्हटलं. वास कसलाच नव्हता. सांध्याला चोळायच्या त्यांच्या तेलाचासुद्धा नव्हता.

मग वाटलं, कुणी पोरगा ठेवलाय आत. स्वतः घरी पाय लांब करून बसतात, आयत्या बिळावर नागोबा, आणि नाव यांचं. रंगमंचावरचा एन्राइ हल्ली उडीही वेगळी मारायचा, हलकी. मला राग आला. वर शेवटच्या रांगेत एक नवा मोठा मित्र यायला लागला होता: टोपी, तोंडावर मास्क, अंगात राखाडी कोट. कॅमेरा नाही. नुसता पुढे वाकून बसायचा. कॅमेरा नसलेला मोठा मित्र? तर मग हा बघतोय काय? मी दुकानाच्या पहारेकऱ्याला सांगून ठेवलं, यावर नजर ठेवा.

नोव्हेंबरात खेळानंतर हस्तांदोलनाची रांग लागली होती. एक आजीबाई नातवाला घेऊन आली. नातवाने हात मिळवला. आजी खाली वाकली, म्हणाली, "आमच्या बाळाला फार धीर येतो हो तुमच्यामुळे."

आणि एन्राइ वाकला.

नुसता वाकला नाही. दोन्ही हात पुढे घेतले, एकावर एक ठेवले, पोटाशी. पाठ सरळ, मान पाठीच्या रेषेत, क्षणभर थांबून हळूच वर. पुरुष हात मांड्यांना चिकटवून वाकतो. असं वाकणं बाईचं. आणि बाईतही असं नेमकं वाकणं मी दुकानात येता-जाता बघते, तळमजल्यावर, टोपी-हातमोजे घातलेल्या मुलींचं.

मी माइक बंद केला. लांब भिंगवाल्याने नेमका त्याच क्षणी कॅमेरा खाली घेतला, तेही मी पाहिलं. म्हटलं, झालं, यानेही टिपलं. आता संध्याकाळपर्यंत जगभर होणार.

मी तडक तळमजला गाठला. स्वागताच्या टेबलाशी एकच मुलगी. "चिनात्सु कुठंय?"

"ती रविवारी दुपारनंतर येते हल्ली. एप्रिलपासून."

पुन्हा गच्चीवर आले. शेवटच्या रांगेतला राखाडी कोट सामानाच्या खोलीकडे चालला होता, भिंतीला बोटं घासत. त्याने दार ठोठावलं, दार उघडलं, आणि मी त्याच्या मागोमाग आत घुसले. आत चिनात्सु मानेपर्यंत एन्राइ होती आणि डोक्याने चिनात्सु, घामाने निथळत. राखाडी कोटवाल्याने मास्क काढला. मोतेगीसान!

"वा!" मी म्हटलं. "बाप प्रेक्षकात, लेक पोशाखात, आणि ताई बाहेर माइक घेऊन माकडासारखी नाचतेय! मला सांगायची लाज वाटली? मी काय परकी? मी पहारेकऱ्याला सांगून ठेवलं होतं हो, हा माणूस पोरं पळवणारा दिसतो म्हणून!"

"फुमिएमावशी, बाबांना बोलू नका," चिनात्सु म्हणाली. "मीच मागे लागले."

"तू गप्प बस. तुझा नमस्कार बघितला मी. एन्राइ आहेस की लिफ्टवाली?"

ती गोरीमोरी झाली. "वाकले का मी?"

"वाकलीस? आता खेळण्यांचा विभाग कितव्या मजल्यावर ते सांगायचीच बाकी होतीस."

मोतेगीसान एका राक्षसाच्या मुंडक्यावर बसले आणि त्यांनी सांगितलं. डोळे जात चालले होते. समोरचं दिसायचं, पण नळीतून बघितल्यासारखं. कडेचं सगळं काळं. एन्राइच्या डोक्याला बघायला आधीच दोनच फटी. फेब्रुवारीत त्यांनी पायरीवरून उडी मारली तेव्हा एक छोटी आपली उडालेली टोपी घ्यायला पुढे धावली होती. त्यांचा पाय तिच्या हाताशेजारी पडला. मला आठवलं, मी तेव्हा माइकवरून ओरडले होते, "पाहिलंत, किती जवळून वाचवलं एन्राइने!" लोकांनी टाळ्या पिटल्या होत्या. त्या पोरीला त्यांनी बघितलंच नव्हतं.

"त्या रात्री घरी येऊन बाबा जेवले नाहीत," चिनात्सु म्हणाली.

"मग सांगायचं खेळाच्या कंपनीला, डोळे गेले म्हणून."

"सांगितलं की दुसरा पाठवतील," मोतेगीसान म्हणाले. "हिला नाही देणार. बाई एन्राइच्या आत कधी गेलेली नाही. विचारलं तर नाही म्हणतील, ताई. बघितलं तर कदाचित म्हणणार नाहीत. जानेवारीत कंपनीचे कासुयासान येतायत, मी अजून चालतो का ते ठरवायला. त्यांना हिला बघू दे एकदा, मीच आहे असं समजून. मग मी सांगतो."

"आणि खोटं बोललात म्हणून त्यांनी दोघांनाही हाकललं तर?"

त्यावर मोतेगीसान टोपी झटकायला लागले. मला इतका संताप आला होता की फोन उचलून कासुयाला सांगावंसं वाटलं. मग चिनात्सुकडे बघितलं. ती बुटांच्या नाड्या सोडत होती, आणि तिची बोटं सोलवटली होती. मी म्हटलं, "मानेमागे पट्टी बांध. पट्टी मी आणते."

तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. लांब भिंगवाला कॅमेरा पुसायला लागला तरी मला वाटे, याला सगळं ठाऊक आहे, हा आता तोंड उघडणार. पहारेकरी हसला तरी मी विचारी, "का हसलात?"

जानेवारीत कासुयासान आले. हा माणूस तरुणपणी स्वतः राक्षसाच्या आत असायचा, आता कंपनीत खुर्चीवर. आकागी डोंगरावरून कोरडा वारा सुटला होता, खुर्च्या सरकत होत्या. पोरं मोजकीच, तीही आयांच्या कोटात शिरलेली. मोठे मित्र मात्र एकूण एक हजर. कासुयासान मधल्या रांगेत बसले, नेमके लांब भिंगवाल्याशेजारी. म्हटलं, आता हा सगळं सांगणार. मोतेगीसान शेवटच्या रांगेत, टोपी आणि मास्क.

"मोतेगीची उडी अजून तशीच आहे हो," खेळ सुरू झाल्यावर कासुयासान शेजाऱ्याला म्हणाले. मी रंगमंचाखाली होते, ऐकू आलं.

लांब भिंगवाल्याने कॅमेऱ्यातून डोळा काढला नाही. "हो," एवढंच म्हणाला. त्याचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

मग चिखलराक्षसाच्या आतल्या कॉलेजच्या पोराने घोळ घातला. वाऱ्याने त्याचा तोल गेला आणि त्याने एन्राइला धक्का दिल्याचं नाटक करायच्या जागी ढकलूनच दिलं. एन्राइ रंगमंचाच्या कडेवरून खाली, फरशीवर, पोरांच्या पुढ्यात. पोशाखाचा धप्प आवाज झाला. पुढची पोरं मागे सरकली.

आणि मागून हाक आली. "चिनात्सु!"

तीस वर्षं ज्याने गच्चीवर तोंड उघडलं नाही तो माणूस ओरडला होता. त्यांना पडणं दिसलं नव्हतं, आवाज तेवढा ऐकू आला होता. उभे राहिले होते, टोपी वाऱ्याने गेलेली, मास्क हनुवटीला. "चिनात्सु! ए बाळा!"

कासुयासान वळले. मोतेगींकडे बघितलं, मग फरशीवरच्या एन्राइकडे. सगळं कळलं त्यांना, एका नजरेत. एक पोरगा आईला विचारत होता, "आई, चिनात्सु कोण?"

माझ्या हातात माइक होता. दर रविवारी दुकानात हरवलेल्या पोरांची घोषणा ऐकते, तीच तोंडातून निघाली. "ग्राहकांसाठी सूचना. चिनात्सु नावाची एक मुलगी हरवली आहे. तिचे बाबा तिला शोधतायत. पण काळजी नको हं छोट्या मित्रांनो, ती सुखरूप आहे, ताई शोधून देणार आहे! आधी एन्राइला उठवू या. मोठ्याने!"

पोरं बावरलेली, आवाज निघेना. तेवढ्यात मागून बसक्या, जाड, बाप्यांच्या आवाजांचा गडगडाट झाला. "एन्राइ, गानबारे!" मोठे मित्र. सगळेच्या सगळे, आणि सगळ्यात वर त्या लांब भिंगवाल्याचा आवाज. त्यांच्या मागोमाग पोरं ओरडली.

बाप पुन्हा हाक मारत होता. "चिनात्सु, लागलं का गं?"

एन्राइ उठला. गुडघ्यावर, मग पायांवर. मागे बघितलं नाही. मानही फिरली नाही. पोरांकडे तोंड करून छातीवर मूठ ठेवली, रंगमंचावर चढला, आणि चिखलराक्षसाला असा काही लोळवला की आतलं कॉलेजचं पोर नंतर म्हणालं, मावशी, खरंच मारलं हो.

खेळ संपला. हस्तांदोलनाची रांग लावून मी मागे गेले तर सामानाच्या खोलीसमोर कासुयासान मोतेगींसमोर उभे, रागाने लाल.

"डोळ्यांचं लपवलंत ते एक," ते म्हणत होते. "न विचारता आत दुसरं माणूस घातलंत ते दुसरं. पण मोतेगीसान, पोरांच्या पुढ्यात आतल्या माणसाचं नाव घेतलंत? तुम्ही? मला ज्यांनी पहिल्यांदा राक्षस शिकवला ते तुम्हीच ना हो? उद्यापासून या गच्चीवर यायचं नाही."

मोतेगीसान वाकले. हात मांड्यांना चिकटलेले, डोकं पार खाली. "मी नाही येणार," ते म्हणाले. "मुलगी?"

कासुयासाननी मान वळवून रांगेकडे बघितलं. तिथे एन्राइ एका पोराचा हात धरून उभा होता, डावा पाय किंचित उचलून. "ती पुढच्या रविवारी येईल," ते म्हणाले. "तिच्या नावाने. मी बोलतो वर. पाय दाखवून घ्या आधी तिचा." आणि तरातरा निघून गेले. जाताना मला म्हणाले, "ताई, तुम्हीही कमी नाही," आणि ते चांगलं म्हणाले की वाईट, मला अजून ठरवता आलेलं नाही.

मोतेगीसान वाकलेलेच होते. मी त्यांना दंडाला धरून उभं केलं. रडत होते. मलाही आवरेना. तीस वर्षं, आणि शेवटचा रविवार असा. त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"ताई, मला दिसलं नाही," ते म्हणाले. "मी हाक मारली तेव्हा ती वळली का?"

"नाही," मी म्हटलं.

"दुसऱ्यांदा मारली तेव्हा?"

"तेव्हाही नाही. मानसुद्धा हलली नाही तिची."

"नक्की? बरं वाटावं म्हणून सांगत नाही ना?"

"अहो, मी कधी कुणाला बरं वाटावं म्हणून काही सांगितलंय?"

मोतेगीसाननी बाहीने तोंड पुसलं. "मग जमलं तिला," ते म्हणाले, आणि भिंतीला बोटं लावत एकटेच जिना उतरायला लागले.